वहीत रोज लाल खूण पडतेय. पवित्र व्हायला मी नक्की काय करायचं, की काहीच करायचं नाही?

चाकण_थर्डशिफ्ट

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मूळचा नगर जिल्ह्यातला. आजोबांपासून ख्रिस्ती घर, संडेस्कूल, बायबल क्विझ, ख्रिसमसला मेंढपाळ, सगळं झालेलं. आता नोकरीसाठी चाकणला. माझा प्रॉब्लेम राग. दारू नाही, तंबाखू नाही, पण आवाज असा चढतो की शेजारचे टीव्ही बारीक करून ऐकतात. सगळ्यात जास्त पोरावर, तिसरीत आहे तो, आणि सगळ्यात जास्त पाढे घेताना. यावर्षी भस्म बुधवारी ठरवलं की लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस जेवणाचा नाही, ओरडण्याचा उपवास करायचा. दोनशे पानी वही आणली. दिवसाला एक ओळ, दिवस नीट गेला तर हिरवी खूण, ओरडलो तर लाल. सोबत शिफ्टवरून आल्यावर अर्धा तास प्रार्थना (डोळे मिटले की झोपच लागते ते सोडा) आणि रोज एक अध्याय.

पहिले अकरा दिवस हिरवे. आता खरं सांगायचं तर त्या अकरा दिवसांत मी बायकोला दोनदा ऐकवलं की बघ, माणसाने मनावर घेतलं की जमतं, तूच घेत नाहीस. बाराव्या दिवशी साताच्या पाढ्यावर फुटलो. मग लाल, लाल, हिरवी, लाल. आणि लाल पडली की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसावंसंच वाटत नाही, कुठल्या तोंडाने बसणार. गेल्या प्रभुभोजनाला (चर्चमधे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात ते) मी बाकावरच बसून राहिलो. शेजारच्या काकांनी कोपराने ढोसलं तरी उठलो नाही, अयोग्य रीतीने घेतलं तर स्वतःवर दंड ओढवतो असं लिहिलंय ना करिंथकरांच्या पत्रात.

लेंट संपून महिने झाले, वही चालूच आहे. परवा पोराने विचारलं, "पप्पा, आज मी वहीत आलो का?" म्हणजे त्याला वाटतं लाल खुणा त्याच्या आहेत. त्या रात्री कामावर लक्ष लागलं नाही.

आमचे पाळक म्हणतात पवित्रीकरण, म्हणजे माणसाला आतून पवित्र करत नेणं, हे देवाचं काम, तू सोडून दे. आई म्हणते येशूवर टाक. आता टाक म्हणजे नक्की काय करू? प्रयत्न सोडला तर मी पहिल्यासारखा ओरडणार हे मला माहितीये. प्रयत्न केला तर स्वतःच्या जोरावर चाललोय, म्हणजे तेही चूक. मधे उभं राहायला जागाच दिसत नाही. प्रॅक्टिकल सांगा कोणीतरी. वचनं पाठ आहेत मला.

कृपाच_फक्त

वही जाळ. आजच.

गलतीकरांस पत्र अध्याय ३ काढ. आत्म्याने सुरुवात केली आणि आता देहाने पूर्ण करायला निघालात का, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल विचारतो, आणि विचारायच्या आधी त्यांना बुद्धिहीन म्हणतो. तुझी वही म्हणजे दोनशे पानी नियमशास्त्र आहे. तारण फुकट घेतलंस आणि पवित्रता हप्त्याने फेडायला बसलास. ख्रिस्त आपली पवित्रता आहे, विषय संपला. काही करू नकोस, विश्वास ठेव.

चाकण_थर्डशिफ्ट

दादा जाळतो, पण जाळल्यावर तोंड तर माझंच राहणार ना. उद्या साताचा पाढा आहेच.

सुकेळी

मी कॅथलिक, वसईची. आमच्याकडे हे जरा वेगळ्या भाषेत सांगतात पण तुमचं वाचून मला एकच व्यक्ती आठवली, बाळ येशूची संत तेरेजा, फ्रान्समधल्या लिझ्यूची. १८९७ साली क्षयाने गेली तेव्हा वय फक्त २४, पंधराव्या वर्षापासून मठाच्या भिंतीआड, मोठं असं काहीच केलेलं नाही, आणि १९९७ मध्ये पोपनी तिला चर्चची आचार्य म्हणून घोषित केलं. तिची गंमत अशी की तिलाही संत व्हायचंच होतं, मनापासून, पण मोठ्या संतांची चरित्रं वाचली की तिला वाटायचं ते डोंगर आणि मी वाळूचा कण. मग तिला लिफ्ट आठवली. इटलीच्या प्रवासात श्रीमंतांकडे तेव्हा नवीनच आलेली लिफ्ट तिने बघितली होती. ती लिहिते की परिपूर्णतेचा जिना चढायला मी फार छोटी आहे, येशूचे हात हीच माझी लिफ्ट, आणि त्यासाठी मला मोठं व्हायची गरजच नाही, उलट छोटंच राहायला हवं.

इथपर्यंत ऐकून वरचे दादा खूश होतील. पण पुढचं ऐका. एका नवीन सिस्टरला स्वतःच्या चुकांचं फार वाईट वाटायचं, तर तेरेजाने तिला सांगितलं, जिन्याखाली उभं असलेलं बाळ बघ. वर आई आहे. बाळ पहिल्या पायरीवर चढायला पाय उचलतं आणि पडतं, परत उचलतं परत पडतं, पहिली पायरीसुद्धा त्याला कधी जमणार नाही. तू ते बाळ हो, पाय उचलत राहा. देवाला तुझ्याकडून तेवढंच हवंय, एक दिवस तोच खाली येऊन उचलून नेईल.

म्हणजे पाय उचलायचाच आहे हो. फक्त पायऱ्या मोजायच्या नाहीत, कारण चढलेल्या पायऱ्या शून्यच असणार आहेत!! तुमची वही पायऱ्या मोजतेय.

आणि ते प्रार्थनेत झोप लागण्याचं. तेरेजाला सात वर्षं प्रार्थनेत झोप लागायची. तिने लिहून ठेवलंय की मला याचं दुःख व्हायला हवं पण होत नाही, आईबापांना लेकरं झोपलेलीसुद्धा जागी असल्याइतकीच आवडतात. नाइट करून आलेल्या माणसाने हे वाक्य उशाशी लावून ठेवावं असं मला वाटतं.

कृपाच_फक्त

ताई आदर आहे, पण "पाय उचलायचाच आहे" हे तुम्ही मागच्या दाराने कर्म आत आणताय. तुमच्या चर्चचा हाच तर जुना प्रॉब्लेम. कृपा अधिक माझा थोडासा पाय.

सुकेळी

आमच्या चर्चने तर १५४७ च्या ट्रेंट परिषदेतच लिहून ठेवलंय की सुरुवात कृपेची, माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे हलूसुद्धा शकत नाही. त्याच्याही हजार वर्षं आधी, ५२९ साली ओरांजच्या परिषदेत तेच ठरलं होतं, विश्वास ठेवावासा वाटणं हीसुद्धा कृपाच. भांडण पुढे आहे, हलल्यानंतर माणूस सोबत चालतो का यावर. आणि त्यावरही लूथरन (मार्टिन लूथरचा प्रोटेस्टंट पंथ) आणि आम्ही १९९९ मध्ये आउग्सबुर्गला बसून सह्या केल्यात, बरंचसं मिटलंय, तुम्हाला कोणी कळवलं नाही वाटतं 😄

बरं पण त्या भाऊंच्या पोराचं काय ते बोलूया का आधी.

पीठावरचा_माकड

मी पार्ट टाइम मानसोपचार वॉर्डात काम केलेला नर्स. धर्माचं तुम्ही बघा. मला एवढंच विचारायचंय की भाऊ सलग किती आठवडे नाइट करताय आणि दिवसा किती तास झोपता? चार तास झोपलेला माणूस आणि साताचा पाढा एकत्र आणू नका. पवित्र आत्म्याचं काम आहे हे मान्य, पण झोपेचं काम झोपेलाच करू द्या.

चाकण_थर्डशिफ्ट

हसू आलं पण खरं आहे. चार-साडेचार तास. एक आठवडा नाइट, मग फर्स्ट, मग सेकंड, असं फिरतं. आत्ता पान उलटून बघितलं, लाल खुणा जास्त करून नाइटच्या आठवड्यातच आहेत. इतके महिने मी हे बघितलंच नव्हतं, मला फक्त लाल दिसत होतं.

कॅम्पातला_मेथडिस्ट

वही जाळा वाल्या दादांसाठी. आमच्या पंथाला मेथडिस्ट हे नावच मुळात चिडवायला पडलं. जॉन वेस्ली आणि त्याचा भाऊ चार्ल्स ऑक्सफर्डला होते तेव्हा, १७२९ च्या आसपास, काही पोरांचा ग्रुप होता. ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेले उपवास, तुरुंगात कैद्यांना भेटणं, आणि वेस्लीची डायरी. ही डायरी तुमच्या वहीची खापरपणजी आहे भाऊ, तासातासाला काय केलं, मन कसं होतं, याच्या खुणा. इतर विद्यार्थी हसायचे, होली क्लब म्हणायचे. मग हा माणूस १७३५ ला अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणून गेला आणि १७३८ ला पार फेल होऊन परत आला. जाताना जहाजावर वादळ झालं तेव्हा जर्मन मोरेव्हियन पंथाचे लोक, बायकापोरांसकट, शांतपणे गाणी म्हणत होते आणि हा मरणाला टरकला होता. तिथेच त्याला कळलं की एवढ्या खुणा मारून आपल्याकडे ते नाहीये जे यांच्याकडे आहे.

२४ मे १७३८, लंडनमधल्या आल्डर्सगेट स्ट्रीटवर एक मीटिंग, तो इच्छा नसताना गेलेला. कोणीतरी रोमकरांच्या पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमाराला त्याला आतून ऊब वाटली आणि खात्री पटली की ख्रिस्ताने माझी पापं, माझीसुद्धा, घेतलीत. वेळ त्यानेच नोंदवलीय, सवय कुठे जाते.

आता मुद्दा. त्यानंतर वेस्लीने काय केलं? डायरी बंद? नाही. पहाटे चारला उठणं, उपवास, घोड्यावरून गावोगाव, सगळं म्हातारपणापर्यंत चालू. तीच कामं. आधी तो ती देवाने आपल्याला घ्यावं म्हणून करत होता, नंतर देवाने घेतलंय म्हणून. बाहेरून फोटो काढला असता तर फरक दिसला नसता. म्हणून मला ते "काही करू नकोस" पटत नाही, आणि तुमचं अकरा हिरव्या खुणांवर बायकोला ऐकवणं तर त्याहून पटत नाही. माझ्या मते तुमचा खरा लाल दिवस तो होता, आणि वहीत तो हिरवा आहे.

प्रभुभोजनाचं मुद्दाम वेगळं लिहितो कारण ते मला जास्त लागलं. तुम्ही सांगितलेलं वचन १ करिंथ ११ चं. तो अख्खा उतारा वाचा. तिथे भांडण कशावरून आहे तर श्रीमंत लोक आधी येऊन खाऊनपिऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. "अयोग्य रीतीने" हे खाण्याच्या पद्धतीबद्दल आहे, खाणारा लायक असावा असं नाही, लायक कोण आहे? आणि तिथेही पौल काय म्हणतो, स्वतःला पारखून मग खावं. पारखून घरी जावं असं नाही म्हणत. वेस्ली तर शिकवायचा की हे भोजन कृपेचं साधन आहे, ज्याचा विश्वास अजून डळमळतोय त्यानेसुद्धा यावं, येऊनच तो धरेल. तुम्ही औषधाच्या दुकानात जाऊन म्हणताय मी आजारी आहे म्हणून औषध घेणार नाही.

चाकण_थर्डशिफ्ट

तो हिरवा दिवस वाला मुद्दा बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त चहात साखर जास्त पडली आज.

इंद्रायणीकाठ

मी वारकरी, चुकून या धाग्यात आलो, राहिलो. परवानगी असेल तर दोन शब्द.

पहिलं म्हणजे वही जाळू नका, आमच्याकडे वह्या इंद्रायणीत बुडवायची पद्धत आहे आणि त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर येतात. (गंमत केली, राग नसावा.)

दुसरं म्हणजे तुम्ही ज्यावर भांडताय त्यावर दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत पूर्ण दोन संप्रदाय झालेत, वडकलै आणि तेंकलै. एक म्हणतात भक्त माकडाच्या पिल्लासारखा, आई उड्या मारते पण पिल्लाने पोटाला घट्ट धरायला लागतं. दुसरे म्हणतात मांजरीच्या पिल्लासारखा, पिल्लू फक्त म्याँव करतं, आई मानेला धरून उचलून नेते. वरचे "कृपाच फक्त" दादा मांजरवाले दिसतात, वसईच्या ताई मधल्या. मी स्वतः वीस वर्षं वारी करतोय, आणि माझं मत असं की आळंदीहून निघताना माणूस माकड असतो. पाय माझे, चालतोय मी, किती किलोमीटर झाले, कोणाला किती फोड आले. दिवे घाट चढेपर्यंत हे चालतं. पुढे कुठेतरी फलटणच्या आसपास, थकल्यावर, चालणं चालूच असतं पण मोजणारा झोपी जातो. गर्दीच ढकलत नेते. पंढरपूरला पोचलेला कोणीही मी चालत आलो असं म्हणत नाही, माउलींनी आणलं म्हणतो. आणि खोटं बोलत नसतो तो.

तुमच्याकडच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीच, त्या ख्रिस्ती कवींनी, म्हटलंय ना की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा हे थोडं पुलावरचं बोलणं समजा.

केडगावची_नात

टिळकांचं नाव निघालंच आहे तर. १८९५ ला बाप्तिस्मा, आजही आपण त्यांची भजनं दर रविवारी म्हणतो, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रं वाचलंत तर माहितीये की घरात ते किती तापट होते. लक्ष्मीबाईंनी काही लपवलेलं नाही, प्रेमाने पण सगळं लिहिलंय. म्हणून चाकणच्या दादा, तुम्ही एकटे नाही, चांगल्या सोबतीत आहात.

पण मला पंडिता रमाबाईंचं सांगायचंय. माझी आजी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली त्यामुळे आमच्या घरात रमाबाई म्हणजे नात्यातल्याच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ ला, इंग्लंडमधे वाँटेजला. संस्कृतच्या पंडिता, सगळे पंथ अभ्यासलेले, शंका विचारून नन लोकांना हैराण केलेलं. नंतर अमेरिका, १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. एवढं सगळं करून झाल्यावर पुढे १९०७ साली त्या आपल्या साक्षीत लिहितात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, जो त्या धर्माचा प्राण तो ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं अशी गेली. मग एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र हातात पडलं, जो स्वतः पाळक होऊनसुद्धा नंतर बदलला होता, आणि त्यांना धक्का बसला की अरे म्हणजे माझंही हेच चाललंय, मी पटवून घेतलंय, सोपवलेलं नाहीये.

आता गंमत बघा, यानंतर बाई शांत बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो पोरी, विधवा केडगावला घेऊन आल्या. तीन वर्षांनी गुजरातचा दुष्काळ, परत तेच. विहिरी खणल्या, छापखाना, विणकाम, शेती. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, मरेपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत. आणि १९०५ चं ते प्रसिद्ध संजीवन, म्हणजे मिशनमधली धार्मिक जागृतीची लाट, मुली रडतायत, प्रार्थना थांबत नाहीयेत, तेव्हासुद्धा आजीच्या आधीच्या बायका सांगायच्या की भाकरी वेळेवर थापल्या जायच्या. दोन हजार तोंडं होती हो.

म्हणून मला ते "काहीच करू नकोस" ऐकलं की वाटतं की कृपा घेतलेली बाई या लोकांनी जवळून बघितलेली नाही. पौल पण तेच म्हणतो, मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच जीभ चावतो, मी नाही हं, माझ्यासोबतची कृपा.

कृपाच_फक्त

ठीक आहे, "काही करू नकोस" मागे घेतो. घाईत लिहिलं. पण क्रम सोडणार नाही. आधी स्वीकारलं जाणं, मग बदल. तो भाऊ उलटं करतोय, आणि आपण सगळे मिळून त्याला अजून चार कामं देतोय.

निफाडचा_बाग

मी दोन एकर द्राक्ष करतो, चर्चमधे मागच्या बाकावर बसतो, थिऑलॉजी येत नाही. पण योहान १५ वर उपदेश ऐकला की मला बऱ्याचदा हसू येतं, बोलणाऱ्याने वेल जवळून बघितलेलीच नसते. मी द्राक्षवेल तुम्ही फाटे, माझ्यात राहा म्हणजे पुष्कळ फळ द्याल. बरं. फळ कधी लागतं ते तरी विचारा कोणाला.

आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. बाहेरच्या माणसाला वाटतं ऑक्टोबरला छाटलं म्हणून घड आला. तसं नाहीये. घड एप्रिलनंतरच्या चाळीस-साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, तयार होतो, सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात, आणि तेव्हा बाहेरून बघाल तर काही म्हणजे काही दिसत नाही, नुसता पाला. ऑक्टोबरला आपण फक्त तो डोळा फोडतो. त्या उन्हाळी दिवसांत ढगाळ राहिलं, काडीला ऊन मिळालं नाही, फुटींची गर्दी झाली, की ऑक्टोबरला वांझ फूट निघते. मग कितीही फवारा, पैसे गेले.

आता यात घड कोण आणतो? फाटा आणत नाही, त्याला तर माहीतही नसतं. मी पण आणत नाही, दोन एकरातला एक मणी मला बनवता येत नाही. मी काय करतो तर फुटी विरळ करतो, शेंडा मारतो, पाणी जरा ओढतो, ऊन आत जाऊ देतो. घाम माझाच निघतो, खोटं कशाला. पण माल बघून कोणी म्हटलं काय गोडी आणलीय तर मला माहीत असतं की गोडी मी नाही आणली.

तुमची वही म्हणजे रोज संध्याकाळी बागेत जाऊन नखाने डोळा उकरून बघायचं, घड आलाय का. उकरला की डोळा गेला. आम्ही पण तपासतो, सप्टेंबरमधे छाटणीच्या आधी थोड्या काड्या लॅबला देतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात किती डोळ्यांत घड आहे. वर्षातून एकदा. आणि ते लॅबवाला बघतो, मी नाही, मला त्यातलं दिसतही नाही.

म्हणून माझा सल्ला, लेंटला एकदा पाळकांकडे जाऊन तपासून घ्या, बाकी वर्षभर फक्त ऊन कुठून आत येईल ते बघा. नाइटच्या आठवड्यात पाढे बायकोला घेऊ द्या. ओरडलात तर त्याच रात्री पोराची माफी मागा, दुसऱ्या दिवशीवर नको. झोप लागली तर लागू दे पण प्रार्थनेला बसा. रविवारी भोजनाला उठा.

कृपाच_फक्त

काका, फुटी विरळ करणं हे पण कर्मच झालं शेवटी.

निफाडचा_बाग

हो. पण ऊन माझं नाही ना.

कृपाच_फक्त

🙏 याच्यावर सध्या उत्तर नाही माझ्याकडे.

पीठावरचा_माकड

उन्हाचा विषय निघालाच आहे तर भाऊ दिवसा झोपताना खिडकीला जाड पडदा लावा. सीरियसली.

चाकण_थर्डशिफ्ट

सगळं परत परत वाचलं, काल शिफ्टच्या ब्रेकमधे पण. एकेकाला उत्तर देत बसलो तर सकाळ होईल.

पडदा लावला. या आठवड्यात पाढे बायको घेतेय, तिला म्हटलं मला जमत नाहीये, एवढंच म्हटलं, अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो असं तिचं म्हणणं आहे.

तरी गुरुवारी ओरडलो. पाढे नव्हते, पाण्याची बाटली सांडली होती कॉम्प्युटरजवळ. रात्री निघायच्या आधी त्याच्याजवळ बसलो आणि सांगितलं की वही माझी आहे, तुझी नाही, त्यात तू कधीच नव्हतास, लाल खूण म्हणजे पप्पा चुकला. तो म्हणाला मग हिरवी? मला पटकन सांगता आलं नाही. म्हटलं त्या दिवशी देवाने सांभाळलं. तो म्हणाला आणि लाल दिवशी? हे वसईच्या ताई किंवा कोणीतरी मला नीट समजावून सांगा, कारण मी त्याला म्हटलंय की विचारून सांगतो.

वही जाळलेली नाही. कपाटावर आहे, या आठवड्यात खाली काढली नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, फर्स्ट शिफ्ट सुरू होतेय त्यामुळे झोप झालेली असेल. काकांना सांगून ठेवलंय, नाही उठलो तर परत कोपर मारा.

बस आली खाली, हॉर्न देतोय. निघतो.